फेलोशिपचा अर्ज भरताय? या चुका टाळा

‘वंचित घटकांच्या सक्षमीकरणासाठी’ ही अक्षरं पहिल्याच ओळीत दिसली की अर्ज वाचणारा थेट तिसऱ्या परिच्छेदावर उडी मारतो. तिथंही हाताला काही लागलं नाही तर अर्ज बाजूला. सामाजिक बदलासाठी संशोधन करणाऱ्या तरुणांना वर्षभराचा वेळ, पैसा आणि मार्गदर्शक देणाऱ्या फेलोशिप्सकडे असे अर्ज ढिगाने येतात. त्यातले बरेचसे तळमळीच्या माणसांनी लिहिलेले असतात, फक्त शेवटच्या आठवड्यात. कागदावर तळमळ मोजता येत नाही. प्रश्न, दिवसांचा हिशेब आणि लोकांशी असलेलं नातं मोजता येतं, आणि नेमकी तिथंच गाडी रुतते.

आभाळाएवढा प्रश्न

‘स्थलांतराचे स्त्रियांवर होणारे परिणाम.’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. दहा जण दहा वर्षं राबले तरी तो संपायचा नाही, आणि तुमच्याकडे आहेत बारा महिने आणि दोन हात. माणसं कोण, जागा कुठली, काळ कुठला आणि नेमका कशातला फरक शोधायचा, हे चारही प्रश्नातच आलं पाहिजे. ‘हंगामी कामासाठी आईवडील दोघंही बाहेर गेल्यावर मागे राहिलेल्या बारा ते पंधरा वयाच्या मुलींची शाळेतली हजेरी कोणत्या आठवड्यापासून घसरते, आणि त्या आठवड्यात घरात काय बदललेलं असतं?’ यावर काम करता येतं. उत्तर मिळालं नाही तरी का मिळालं नाही ते सांगता येतं.

प्रश्न फुगला की मुलाखतींचा आकडाही फुगतो. अर्जात सहज लिहिलं जातं, ‘४० सखोल मुलाखती’. आता हिशेब करा. एक तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. मागे गोंगाट असेल, बोली नवी असेल किंवा दोघी एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त. एकेक तासाच्या ४० मुलाखती म्हणजे १६० ते २४० तास. कानाला हेडफोन लावून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त काम नीट होत नाही. म्हणजे २७ ते ४० दिवस फक्त उतरवण्यात जाणार. भाषांतर वेगळं, विश्लेषण त्याहून वेगळं. आणि अर्जातल्या तक्त्यात या सगळ्याला जागा किती? ‘दोन आठवडे’. निवड करणाऱ्या पॅनेलमध्ये बसलेल्यांनी हे काम हातानं केलेलं असतं. ते ‘दोन आठवडे’ वाचले की त्यांना कळतं, या मुलानं आजवर एकही मुलाखत उतरवलेली नाही.

‘सॉफ्टवेअर उतरवून देईल’ हे यावरचं हल्लीचं ठरलेलं उत्तर. देतं, पण बोलीभाषेत इतकं चुकतं की सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकावंच लागतं. शिवाय एखाद्या बाईनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट तुम्ही परस्पर कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर चढवणार असाल, तर ते तिला आधी सांगायला नको?

उपाय साधा आहे. अर्जाला हात लावण्याआधी कुणाशी तरी वीस मिनिटं बोला, रेकॉर्ड करा, घड्याळ लावून उतरवा. लागलेल्या वेळेला तीननं गुणलं की तुमचा तासाचा दर मिळाला. मुलाखतींचा आकडा त्यावरून ठरवायचा. बहुतेकांचा आकडा ४० वरून १५ वर येतो, आणि अर्ज तिथल्या तिथं सुधारतो.

बारा महिन्यांचा तक्ता साधारण असा जमतो: पहिले दोन महिने परवानग्या, नीतिसमितीची (संशोधनात लोकांना इजा होणार नाही ना हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आणि ओळखी, दोन आठवडे तीन-चार मुलाखतींची रंगीत तालीम, म्हणजे कुठल्या प्रश्नाला लोक गप्प होतात ते कळतं, चार महिने फिल्डवर्क, तीन महिने विश्लेषण, दीड महिना निष्कर्ष लोकांपुढे ठेवून त्यांची दुरुस्ती घेण्यासाठी. राहिलेला एक महिना मोकळा. आजारपण, पूर, निवडणूक, मंजुरी लांबणं, यातलं एक तरी घडतंच. मुलाखती उतरवायचं काम फिल्डवर्क चालू असतानाच रोज करायचं, साठवून ठेवायचं नाही.

फिल्डवर्कचे चार महिने कोणते, हेही पाहा. बाहेरून येणारा अभ्यासक डांबरी रस्त्याच्या कडेनं फिरतो, कोरड्या दिवसांत येतो आणि पुढाऱ्यांना भेटून परततो, हे ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलंय. ज्या महिन्यांत अन्न संपतं, रस्ते तुटतात आणि आजार वाढतात, नेमके तेच महिने बहुतेकांच्या तक्त्यात ‘अहवाल लेखना’साठी राखलेले असतात.

‘सहभाग’ नावाचा शिक्का

ही चूक सगळ्यात जास्त डोक्यात जाते.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ च्या लेखात ‘कृती-संशोधन’, म्हणजे बदल घडवता घडवता त्याचाच अभ्यास, मांडलं, पुढे त्याला ‘सहभागी’ हे विशेषण चिकटलं, आणि आता दोन गटचर्चा घेतल्या तरी पद्धतीच्या रकान्यात ‘सहभागी कृती-संशोधन’ असं ठोकून दिलं जातं. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच. मधल्या तिन्हींवर, म्हणजे माहिती देणं, मत विचारणं आणि समजूत काढणं इथं, तो दिखाऊ असतो. वरच्या तिन्हींवर कुठं निर्णय लोकांच्या हातात यायला लागतो. बहुतेक अर्ज चौथ्या, म्हणजे नुसतं मत विचारण्याच्या पायरीवर उभे असतात आणि भाषा आठव्या, सगळं लोकांच्या हाती असलेल्या पायरीची असते.

एका अर्जाचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. विषय होता कचरा वेचणाऱ्या स्त्रियांचं आरोग्य. ‘संशोधनाचा प्रश्न समुदायासोबत ठरवला आहे’ असं लिहिलेलं होतं आणि सोबत त्या बायकांच्या गटाच्या अध्यक्षबाईंचं पत्र होतं. निवडीच्या मुलाखतीत अर्जदार मुलाला पहिलाच प्रश्न आला: “गटाच्या बैठका सकाळी अकराला ठेवल्यात. त्या वेळी या बायका कुठं असतात?”

“घरी असतील, सर.”

पहाटे चारला बाहेर पडलेल्या बायका अकराच्या सुमाराला गोण्या उलट्या करून प्लास्टिक, पुठ्ठा, काच, लोखंड वेगळं करत बसलेल्या असतात, कारण दुपारी माल भंगारवाल्याच्या काट्यावर जायचा असतो. ज्याला हे माहीत नाही तो त्यांच्यासोबत एक सकाळही बसलेला नाही. मग पॅनेलनं पत्र पुन्हा हातात घेतलं. पत्रात ‘आंतरशाखीय दृष्टिकोन’ असा शब्द होता, आणि खाली अध्यक्षबाईंचा अंगठा. पत्र कुणी लिहिलं, असं विचारल्यावर मुलानं खरं सांगितलं: त्यानंच, डेडलाइनच्या आदल्या रात्री. अर्ज तिथंच संपला.

पुढच्या वर्षी तोच मुलगा पुन्हा आला. मधले तीन महिने तो माल निवडायला बसत होता. आता प्रश्न पार वेगळा होता. बायकांना खोकल्यापेक्षा जास्त छळत होता तो काटा. ओल्या पुठ्ठ्याची घट किती धरायची हे भंगारवाला नुसतं बघून ठरवायचा, आणि काटा मारतो याची खात्री असूनही दाखवायला कुणाकडे काही नव्हतं. नव्या अर्जात होता गटाचा स्वतःचा ताणकाटा, साठ दिवस, प्रत्येक गोणीची दोन वजनं. वहीत चारच रकाने: तारीख, माल, आपलं वजन, त्याचं वजन. लिहिता न येणाऱ्यांसाठी मालाची चित्रं छापलेली. दर सोमवारी माहीत असलेल्या वजनानं काटा तपासायचा. वही गटाकडे राहणार, संशोधकाला पानांचे फोटो. आणि आरोग्य? तेही मागल्या दारानं आलंच. कोण रोज किती किलो पाठीवर वाहते, हे त्याच वहीत होतं. निवड झाली.

तेव्हा ‘सहभागी’ लिहिण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. लोकांशी बोलल्यावर तुमचा प्रश्न बदलला का? बजेटमधला कुठला भाग कसा खर्च करायचा, हे लोक ठरवतात? ते नको म्हणाले तर नेमकं काय थांबेल? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ किंवा ‘काहीच नाही’ असेल तर सरळ ‘मुलाखती घेणार आहे’ असं लिहा. त्यात कमीपणा काही नाही. खोटा सहभाग पकडला गेला तर मात्र बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

सही म्हणजे संमती नव्हे

अमेरिकेत टस्कीगी इथं १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांचा ‘अभ्यास’ चालला. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं गेलं नाही आणि पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही दिलं गेलं नाही. त्या प्रकरणानंतर १९७९ मध्ये माणसांवरच्या संशोधनाची नीतितत्त्वं सांगणारा बेलमाँट अहवाल आला. आजच्या नीतिसमित्यांच्या अर्जातले बरेच प्रश्न त्याच वळणाचे असतात. तेव्हा तो फॉर्म कटकट समजून भरू नका.

संमती बोलून घ्यायची, त्यांच्या भाषेत, आणि दोनदा: रेकॉर्डर सुरू करण्याआधी आणि मुलाखत संपल्यावर. आपण काय काय बोलून बसलो हे माणसाला शेवटीच कळतं. ‘कधीही माघार घेऊ शकता’ हे वाक्य मोघम आहे. कोणत्या तारखेपर्यंत सांगितलं तर रेकॉर्डिंग पुसलं जाईल, ते लिहा.

नाव बदललं, ओळख तीच

‘सर्वांची नावे बदलली जातील’ या ओळीवर विसंबू नका. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवलं की फक्त जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पोस्टाचा कोड एवढ्यावर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येण्याची शक्यता आहे. लहान वस्तीत तर तेवढंही लागत नाही. ‘वस्तीतली एकमेव पदवीधर विधवा’ असं लिहिलंत की नाव काहीही ठेवा, चहाच्या टपरीवरच्या प्रत्येकाला कळलं.

वय पाच-पाच वर्षांच्या गटात द्यायचं, नेमका व्यवसाय थोडा ढोबळ करायचा आणि खऱ्या नावांची यादी मुलाखतींपासून वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये ठेवायची. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. लॅपटॉप चोरीला जाईल तेव्हा मोबाइलही त्याच पिशवीत असतो.

बाकीच्या, पटापट

बजेटमध्ये तुमचा प्रवास आहे, लॅपटॉप आहे, पण मुलाखतीसाठी अर्ध्या दिवसाचं काम सोडणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी नाही. ती धरा. दुभाषाचे पैसे धरा. अडीअडचणीला पाच ते दहा टक्के ठेवा, फेलोशिपच्या नियमात बसत असेल तर. प्रत्येक आकडा गोल दिसला की तो अंदाजानं टाकलाय हे कळतं.

‘पाच कार्यशाळा, दोनशे लाभार्थी’ हा बदल नव्हे, ही हजेरी झाली. कार्यशाळेनंतर कोण काय वेगळं करेल आणि ते तुम्हाला कसं दिसेल, ते लिहा.

शिफारसपत्र तीन-चार आठवडे आधी मागायचं, सोबत तुमच्या प्रस्तावाचं एक पान द्यायचं. ‘कष्टाळू व प्रामाणिक’ एवढंच लिहिणाऱ्या मोठ्या नावापेक्षा तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या कार्यकर्त्याचं साधं पत्र बरं.

चॅटबॉटकडून प्रस्ताव लिहून घेणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की बाकीचेही तेच करतायत. एकाच दुपारी चौदा अर्जांत ‘बहुआयामी’ भेटल्यावर पंधरावा वाचायला कुणाचं मन होत नाही. व्याकरण तपासून घ्या, विचार करून घेऊ नका.

दुसऱ्या फेलोशिपचं नाव तसंच राहिलेला अर्ज. हो, दरवर्षी येतात.

डेडलाइन कोणत्या देशाच्या घड्याळानं आहे ते पाहा, आणि एक दिवस आधी पाठवा. शेवटच्या तासाला फॉर्म अडकला तर ती चूक वेबसाइटची नसते.

नकार आला तर दोन ओळींचं नम्र पत्र लिहून कारण विचारा. बरेच जण सांगतात. पण मागच्या वर्षीचाच अर्ज तारीख बदलून पुढे सरकवू नका. मुखपृष्ठावर नवं वर्ष टाकलेलं असतं आणि आतल्या तक्त्यात फिल्डवर्क अजून गेल्या वर्षीच्या जूनमध्येच चालू असतं.