लोभ: कशाचा, की कोणावर?

माझं काम मुद्रितशोधनाचं. मजकुरात ‘लोभ’ आला की मी आधी विचारते, कशाचा की कोणावर? पैशाचा, जमिनीचा, खुर्चीचा असेल तर ती हाव. नातवावर, सुनेवर, शेजारणीवर असेल तर ती माया. ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ या पत्राच्या शेवटच्या ओळीत हा दुसरा लोभ आहे. जुनी पत्रं छापताना कुणी तिथे ‘प्रेम असावे’ केलं, तर मी मूळ शब्द परत घालते. त्या लोभात आर्जव आहे, ते प्रेमात येत नाही. ‘लोभस’ बाळ म्हणतो तेही याच बाजूचं.

आता बातम्यांकडे या, खरा घोळ तिथे होतो. ‘जादा परताव्याचा लोभ दाखवून गंडा’ असं लिहू नका. लोभ ज्याच्या त्याच्या मनात असतो. दुसरा दाखवतो ते आमिष किंवा लालूच. संस्कृतात आमिष म्हणजे मांस, त्यामुळे गळाला लावलेला तुकडा डोळ्यांपुढे ठेवा, चूक होणार नाही. ‘दामदुपटीचं आमिष दाखवलं’ हे बरोबर. पण पुढे लगेच ‘लोभापायी लोकांनी पैसे गुंतवले’ असं लिहिण्याआधी थांबा. निवृत्तीची पुंजी दोन टक्के जास्त व्याजासाठी ठेवणारा माणूस लोभी नाही. त्याला औषधपाण्याचा खर्च भागवायचा असतो. तिथे ‘आशेने’ लिहा. फसवणाऱ्याचा दोष फसलेल्याच्या माथी मारणारं वाक्य मी जाऊ देत नाही, तुम्हीही जाऊ देऊ नका. हुंड्यासाठी सुनेला छळणाऱ्यांबद्दल मात्र ‘लोभापायी’ बेधडक लिहा.

क्रियापदही जपून निवडा. ‘हाव सुटली’ म्हणजे हाव निर्माण झाली, तोंडाला पाणी सुटतं तशी. ‘लोभ सुटला’ म्हटलं की वाचणारा उलटंही समजू शकतो, लोभ संपला म्हणून. म्हणून लोभ निर्माण झाला तर ‘लोभ जडला’ आणि जात नसेल तर ‘लोभ सुटत नाही’ लिहावं.

मोह वेगळा. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या षड्रिपूंत दोघांना स्वतंत्र जागा आहे. आणखी एक कप चहा घ्यावासा वाटतो तो मोह, तिथे लोभ फार जड होतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम आणि क्रोधाबरोबर नरकाचं दार म्हणून जो सांगितला, तो लोभ.

दागिन्यांचा सोस, सत्तेचा हव्यास, हे जोड रूढ आहेत, तसेच ठेवा. ‘लालची’ हिंदीतून आलेला, संवादात चालेल. पंगतीत दोन जिलब्या जास्त उचलणारं पोर हावरट, फार तर अधाशी. त्याला लोभी म्हणू नका. आणि एखादीने कादंबरी अधाशासारखी वाचली असं कुणी लिहिलं, तर तो शब्द बदलू नका, तिथे ते कौतुक आहे.