वाहनावरून बंदूक नेताना या चुका टाळा

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांत, केळीची नवी लागण झाली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत कंद उकरून ओळीच्या ओळी आडव्या करतो, आणि मक्याला कणसे आली की तीच गत मक्याची होते. त्यामुळे या पट्ट्यात काही शेतकऱ्यांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. कोणाकडे बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचे माप) एकनळी किंवा दुनळी, तर एखाद्या जुन्या घरात ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची. मागची पिढी ती खांद्यावर टाकून पायी मळ्यात जात असे. आता ती मोटारसायकलवरून, ट्रॅक्टरवरून किंवा क्वचित एखाद्या बागायतदाराच्या एटीव्हीवरून (शेतात फिरायच्या चारचाकी, हँडलच्या गाडीवरून) जाते, आणि पायी चालताना माणूस सहज पाळत असलेली सावधगिरी वाहनावर बसताच सुटते. दर हंगामात त्याच चुका पाहण्याचा मला आता उबग आला आहे.

भरलेली बंदूक आणि चालू इंजिन

सर्वांत घातक आणि सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे नळीत काडतूस ठेवून प्रवास करणे. याबद्दल नव्या पोरांना टोकले की एकच उत्तर मिळते, "नाना, डुक्कर काय काडतूस भरायला वेळ देतं का?" हे उत्तर अधीरतेचे आहे, अनुभवाचे नाही. ट्रॅक्टरचा आवाज शिवारात फार लांबून ऐकू येतो आणि आपण बांधावर पोहोचेपर्यंत कळप केळीत शिरलेला असतो. वाहन थांबवून, खाली उतरून, पाय रोवून उभे राहिल्यावर दुनळीत दोन काडतुसे घालायला काही क्षण पुरतात. ज्याला तेवढाही धीर नाही, त्याने रात्री रखवालीला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रावेर तालुक्यातल्या एका मळ्यात घडलेला प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे. कांदेबागाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची, लागण नुकतीच झाली होती. रात्री ट्रॅक्टर निघाला तेव्हा चालकाशिवाय उजव्या मडगार्डवर मालकाचा मुलगा आणि डाव्या मडगार्डवर सालदार बसला होता. मडगार्डवर बसणे हीच मुळात एक चूक, पण ती आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की कोणाला खटकत नाही. बंदूक बाहेर घोडे (पिनेवर ठोका देणारे भाग) असलेली जुनी दुनळी होती, दोन्ही नळ्या भरलेल्या होत्या, आणि मुलाने ती दस्ता पायाशी टेकवून गुडघ्यांत धरली होती. मी मोटारसायकलवर मागून येत होतो. पाटाच्या चरात पुढचे चाक उतरले, मुलाने तोल सावरण्यासाठी दोन्ही हातांनी मडगार्डची कड पकडली आणि बंदूक सीटच्या मागे घसरून अवजार जोडायच्या लिंकच्या लोखंडी दांड्यावर आदळली. चापाला कोणाचे बोट लागले नव्हते आणि घोडेही ओढलेले नव्हते. परंतु अशा काही जुन्या बंदुकींत खाली बसलेला घोडा थेट पिनेला टेकलेला असतो, आणि त्याच्यावर बसलेला ठोका सरळ काडतूस पेटवणाऱ्या टोपीपर्यंत पोहोचतो. बार उडाला आणि छर्रे डाव्या मागच्या टायरच्या आतल्या बाजूने घुसले. वजनासाठी त्या टायरमध्ये पाणी भरलेले होते. ते जोरात बाहेर उडाले, आणि अंधारात मांडीपर्यंत भिजलेल्या सालदाराला ते आपलेच रक्त वाटले. तो किती वेळ ओरडत होता हे सांगवत नाही. छर्रे एक वीत वरून गेले असते तर त्याचा पाय गेला असता.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमालकाने मला सांगितले की यापुढे सेफ्टी (बार चुकून उडू नये म्हणून असलेली कळ) असलेली बंदूक घेतो, म्हणजे प्रश्न मिटला. प्रश्न मिटत नाही. बहुतेक दुनळी बंदुकींची सेफ्टी फक्त चाप अडवते. आतला घोडा ज्या खाचेवर अडकलेला असतो ती खाच मोकळीच राहते. खाच झिजलेली असेल आणि जोराचा धक्का बसला, तर सेफ्टी लावलेली असतानाही बार उडू शकतो. चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर वाहन तसे धक्के सतत देत असते.

माझी स्वतःची सवय अशी आहे की इंजिन सुरू करण्यापूर्वी बंदूक उघडायची, दोन्ही नळ्यांच्या मागच्या तोंडात बोट घालून त्या रिकाम्या आहेत याची खात्री करायची, आणि मगच पुढचे काम. अंधारात डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. काडतुसे झाकणाच्या डब्यात, बंदुकीपासून वेगळी ठेवतो. दुनळी असेल तर नळ्या, पुढची लाकडी मूठ आणि दस्ता असे तीन भाग सुटे करून पेटीत घालतो, कारण सुटी केलेली बंदूक कितीही आदळली तरी उडू शकत नाही. जोडायला वेळ लागतो अशी तक्रार ज्यांची असते, त्यांनी घरी दिवसा सराव करावा. तीनशे पंधरा बोअरची रायफल असेल तर मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) रिकामे करून बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून घ्यावा. पेटी वाहनाला दोन ठिकाणी बांधावी. मी त्यासाठी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरतो, कारण सुतळी धक्क्यांनी सैल होते आणि तार लाकूड कापते.

एटीव्ही घेतलेल्यांनी बंदूक हँडलवर आडवी टाकून फिरणे ताबडतोब थांबवावे. आडव्या बंदुकीचे तोंड रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या प्रत्येक माणसाकडे वळत जाते. शिवाय असे वाहन चढावर किंवा बांधावर सहज उलटते, आणि उलटताना चालकाच्या छातीपुढे लोखंड असणे हे स्वतःच संकट आहे. पेटी मागच्या रॅकवरच असावी.

बंदुकीचा पट्टा मोकळा लोंबता ठेवू नये. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे अवजारे फिरवणारा मागचा दांडा, सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे फिरतो. पट्टा त्यात गुंतला तर बंदूक आणि ती धरणारा हात दोन्ही ओढले जातात, आणि क्लच दाबण्याइतकाही अवधी मिळत नाही.

नळीत काय आहे ते न पाहणे

या चुकीबद्दल मी लोकांशी सर्वांत जास्त वाद घातला आहे, कारण इथे चूक करणाऱ्याला आपण चूक करत आहोत हे कळतही नाही. मोटारसायकलवर बंदूक पाठीला तोंड खाली करून अडकवली, तर मागच्या चाकाने उडवलेला काळ्या मातीचा चिखल नळीत जातो. तोंड वर केले तर पावसाचे पाणी, पाचटाचे तुकडे आणि वाटेतल्या फांद्यांच्या काटक्या आत पडतात. मचाणावर किंवा मळ्यातल्या खोलीत टांगून ठेवलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते, आणि ते आतून इतके घट्ट बसते की बंदूक हलवून पाहिली तरी काही पडत नाही. अशा नळीतून बार काढला की छर्रे आणि त्यांच्यामागचा वायू त्या अडथळ्यावर आदळतो, तिथला दाब एका क्षणात कितीतरी पटींनी वाढतो आणि नळी फुगते किंवा फाटते. नळी फाटते तिथून जवळच आपला डावा हात असतो.

मुक्कामी पोहोचल्यावर, काडतुसाला हात लावण्यापूर्वी, उघडलेल्या बंदुकीच्या मागच्या बाजूने नळीतून बॅटरीच्या उजेडाकडे पाहावे. गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. थोडीही शंका आली तर गज घालून कापड फिरवावे. नळी झाकायची असेल तर तोंडावर बाहेरून पातळ प्लॅस्टिक रबराने बांधावे आणि भरण्यापूर्वी ते काढावे. चिंधीचा बोळा आत कोंबण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. चिखल टाळण्यासाठी घातलेला तो बोळा विसरला की तोच अडथळा होतो. बारा बोअरच्या नळीत चुकून वीस बोअरचे काडतूस घातले तरी हेच घडते, कारण ते आत घसरून अडकते आणि मागून दुसरे भरता येते. म्हणून दोन मापांची काडतुसे एका खिशात कधीही ठेवू नयेत.

बंदूक वाहनातून बाहेर काढताना तोंडाला धरून आपल्याकडे ओढू नये. आधी माणसाने उतरावे, मग दस्त्याकडून धरून ती काढावी.

वैशाखात जीपच्या डॅशबोर्डवर काडतुसे ठेवू नयेत, कारण खानदेशातल्या उन्हात ती तापून आतली दारू बिघडते. युरियाच्या गोणीशेजारी बंदूक ठेवू नये. युरिया हवेतली ओल खेचतो आणि पोलाद गंजते.

कागद आणि रस्ता

सालदाराच्या हाती बंदूक देऊन त्याला एकट्याला मोटारसायकलवर पुढे पाठवणे ही सोय वाटते, पण शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना नसलेल्या माणसाला बंदूक नेता येते ती परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, आणि तीही दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठीच. हाच नियम मुलाला आणि पुतण्यालाही लागू आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी, हा समजही चुकीचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली शिकारीला बंदी आहे आणि पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यासाठी कलम ११ नुसार अधिकृत वन अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. त्याच कायद्याच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. बंदूक रिकामी आणि पेटीत बंद असली तरी हे कलम लागू होते. तेव्हा मळ्याचा जवळचा रस्ता यावल अभयारण्यातून किंवा शिरपूरकडच्या अनेर धरण अभयारण्यातून जात असेल, तर बंदूक बरोबर असताना बाहेरचा लांबचा रस्ता धरावा.