मायदेशी परतताना घरसामान सीमाशुल्कातून सोडवण्यासाठी

परदेशातील मुक्काम संपवून कायमचे मायदेशी परतणाऱ्या व्यक्तीला आपले वापरलेले घरसामान सीमाशुल्क न भरता किंवा सवलतीच्या दराने आणता येते, अशी तरतूद बहुतेक देशांत आहे. मात्र परदेशातील किमान वास्तव्य, वस्तू वापरात असल्याचा काळ आणि सामान पोहोचण्याची मुदत यांच्या अटी देशागणिक बदलतात. त्या मायदेशाच्या सीमाशुल्क खात्याच्या चालू अधिसूचनेत स्वतः वाचाव्यात आणि मगच जहाजाची तारीख ठरवावी.

सर्वांत जास्त वेळ सामानाच्या यादीला द्यावा, कारण अधिकारी खोक्याआधी यादी पाहतो आणि मोघम नोंद दिसली की तोच खोका उघडायला सांगतो. ‘खोका 14 : किरकोळ सामान’ असे न लिहिता ‘खोका 14 : स्टीलची भांडी, वापरलेली, 12 नग, मिक्सर, वापरलेला, 1 नग, खरेदी 2019’ असे लिहावे, तोच क्रमांक खोक्याच्या दोन बाजूंना ठळक घालावा आणि वस्तूची आजची रास्त किंमत नोंदवावी. सगळीकडे शून्य किंमत लिहिली, तर अधिकारी स्वतःच मूल्य ठरवतो आणि ते क्वचितच आपल्या सोयीचे असते. यादी खोका भरतानाच लिहावी. मी ती एकदा रात्री आठवणीने लिहिली. पुस्तकांच्या खोक्यात ठेवलेला नवाकोरा दिवा तिच्यात आला नाही आणि त्या एका दिव्यापायी सगळे खोके उघडले गेले.

नव्या, वेष्टनातल्या वस्तू, मोटार, मद्य आणि तंबाखू घरसामानाच्या सवलतीत येतील असे गृहीत धरू नये. बियाणे आणि रोपे तर पाठवूच नयेत. हस्तिदंताच्या किंवा काही प्रवाळांच्या वस्तूंना 1975 पासून लागू असलेल्या साइट्स या संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाना लागतो. पॅकिंगसाठी साधे लाकूड वापरले असेल, तर त्यावर ‘आयएसपीएम 15’ चा, म्हणजे लाकडातील कीड मारण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, शिक्का हवा. उष्णतेची प्रक्रिया केली असल्यास लाकडाचा गाभा सलग 30 मिनिटे किमान 56 अंश सेल्सिअसला तापवलेला असावा लागतो.

बिल ऑफ लेडिंगवरचे (जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवरचे) नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळते का, हे जहाज सुटण्यापूर्वी तपासावे, कारण नंतरच्या दुरुस्तीत दिवस जातात आणि बंदरावर डिमरेज, म्हणजे सामान मुदतीपलीकडे पडून राहिल्याचा आकार, चढत राहते. पासपोर्ट, व्हिसा, वास्तव्याचे पुरावे आणि सही केलेली यादी खोक्यात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी. सामान सोडवताना हीच कागदपत्रे मागितली जातात.