रविवारी लिनक्स बोर्डावरच्या सिरीयल पोर्टच्या नंबरांचं भांडण सोडवायला बसायच्या आधी

रविवारी सकाळी रामबागेत माझ्याकडे जमतोय आपण, पोहे मी आणून ठेवतो, पण थोडी तयारी ज्याने त्याने घरूनच करून या. सगळ्यात पहिले बोर्डाचे मेसेज कॉम्प्युटरवर वाचायला यूएसबी-सिरीयल केबल, ३.३ व्होल्टवालीच, ५ वाली लावलीत तर बोर्डाची पिन जाईल, नसेल कुणाकडे तर शनिवारी जेल रोडला चक्कर मारा. बूट लाइनमध्ये, म्हणजे सुरू होताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) देतो त्या ओळीत, अर्लीप्रिंटके (सुरुवातीपासून मेसेज छापायला) आणि कीप_बूटकॉन (ते छापणं मध्येच थांबू नये म्हणून) दोन्ही टाकून ठेवा, नाहीतर खरा कन्सोल, म्हणजे मेसेज दाखवणारा पोर्ट, मेला की पुढचं काहीच दिसत नाही, आणि आपल्याला तेच पुढचं वाचायचंय.

आता मूळ लफडं नीट समजून या, कारण मागच्या वेळी यातच तीन तास गेले. आपलं कर्नल २०१४ च्या आधीचं आहे, त्यात पीएल०११ (एआरएमची सिरीयल चिप) आणि सॅमसंगच्या चिपचा, दोन्ही सिरीयल ड्रायव्हर मेजर (ड्रायव्हरचा नंबर) २०४ आणि मायनर (त्याच्या पोर्टचा नंबर) ६४ पासूनच मागतात. पीएल०११ आर्च_इनिटकॉलवर, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या टप्प्यावर, लवकर उठतो आणि ती चिप बोर्डावर असो नसो, बसच्या सीटवर रुमाल टाकावा तसा ६४ ते ७७ धरून मोकळा होतो, मग दुसरा येतो त्याला उणे १६ मिळतो, म्हणजे जागा बिझी, आणि बोर्ड मुका. म्हणून प्रत्येकाने पीएल०११ बंद करून कर्नलची एक इमेज बिल्ड करून आणा, ती बोलली तर संशय पक्का झाला, मग प्रॉकमधल्या टीटीवाय खालची ड्रायव्हर्स फाइल (/proc/tty/drivers) उघडून कुठला नंबर कुणाच्या नावावर आहे ते वहीत लिहून घ्या.

आणि प्लीज, घाईघाईत मेजर बदलू नका! आपल्या जुन्या रूटएफएसमध्ये (बोर्डाच्या मूळ फाइलसिस्टममध्ये) नोड, म्हणजे पोर्ट उघडायच्या फाइली, हाताने एमकेनॉड कमांडने बनवलेत, त्यात २०४, ६४ लिहिलेलं आहे, नंबर हलला की गेटी (लॉगिन विचारणारा प्रोग्राम) ते उघडायला जाईल आणि तिथे कुणीच नसेल. मला पटलेला उपाय मेनलाइनने (मूळ अधिकृत कर्नलने) २०१४ मध्ये केला तोच, नंबर मागणारा यूआर्ट_रजिस्टर_ड्रायव्हर हा कॉल इनिटमधून (ड्रायव्हर लोड होतानाच्या कोडमधून) काढून प्रोबमध्ये (चिप सापडल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) न्यायचा, म्हणजे ज्याची चिप खरोखर सापडली तोच नंबर घेईल. दोन्ही ड्रायव्हरमध्ये करायचं, आणि प्रोब प्रत्येक पोर्टसाठी चालतो म्हणून आधीच रजिस्टर झालंय का हे ड्रायव्हरचं स्टेट फील्ड बघून तपासायचं, शेवटचा पोर्ट निघाला की अनरजिस्टर पण करायचं, हे विसरलं जातं.

पण तुमच्यापैकी ज्याच्या बोर्डावर दोन्ही चिपा खरंच असतील त्याला हे पुरणार नाही, त्याने एकाचा मेजर ० ठेवून कर्नललाच रिकामा नंबर देऊ द्यावा आणि नोड आपोआप बनवणारं डेव्हटीएमपीएफएस चालू करून यावं.

जुनी चालणारी इमेज वेगळ्या कार्डावर घेऊन या, आणि इनिटटॅब (गेटी कुठल्या पोर्टवर चालवायची ते) आणि सिक्युअरटीटीवाय (रूटला कुठून लॉगिन चालेल ते) या दोन फाइलींची कॉपी पण.