गोव्यातल्या चांदर गावचं ब्रागांझा घराण्याचं जुनं घर बघायला जाताय? मग असं बघा

मडगावहून बस किंवा रिक्षा करून चांदरला उतरायचं, चर्चच्या समोर लांबच लांब घर दिसेल, ओळीने खिडक्यांचं, चुकायचा प्रश्नच नाही. आधी लांबूनच बघा, कारण आत गेल्यावर एवढी लांबी कळत नाही.

घराचे दोन भाग आहेत, पूर्वेकडे ब्रागांझा परेरा, पश्चिमेकडे मिनेझिस ब्रागांझा, दोन्ही वेगवेगळे बघायचे आणि दोन्हीकडे वेगवेगळे पैसे ठेवायचे. इथे सरकारी तिकीट नाही हो, त्या पैशातूनच कौलं, लाकूड सगळं सांभाळलं जातं, त्यामुळे हात आखडू नका प्लीज.

पूर्वेच्या भागात खाजगी चॅपल आहे, तिथे सेंट फ्रान्सिस झेवियरचं नख जपलंय. घाई करू नका.

पश्चिमेला मात्र जास्त वेळ ठेवा. लुईस द मिनेझिस ब्रागांझा (1878-1938) इथलेच, 1900 मध्ये ओ हेराल्दो हे गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक सुरू करणाऱ्यांपैकी एक, पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लिहिणारा माणूस, पणजीतली इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा ही संस्था यांच्याच नावाची. त्यांची लायब्ररी बघाच, कपाटाच्या काचेशी डोळे नेऊन पुस्तकांचे कणे वाचा, मला तर तिथून हलवेना.

फोटो विचारूनच काढा, खुर्च्यांवर बसू नका, आणि दुपारी जेवणाच्या वेळेला बेल वाजवू नका, लोक राहतात तिथे.