झाडीत हरवलेलं वाफेचं इंजिन शोधताय? या चुका टाळा

दिवाळी सरली, डोंगरावरचं गवत पिवळं पडलं की पुण्यातून तरुण मंडळी बाइकवर निघतात. कुणाच्या मामानं, कुणाच्या ट्रेकवाल्या मित्रानं सांगितलेलं असतं की अमुक गावामागच्या रानात रेल्वेचं जुनं इंजिन पडलंय. ही हौस मला मनापासून आवडते. पण चुका दरवर्षी त्याच होतात, आणि त्यातली एक अशी आहे की तिची भरपाई होतच नाही.

कागद न बघता रानात घुसणं

आधी हा विचार करा की लोखंडाचा एवढा मोठा ऐवज तिथे कुणी का सोडला असेल. अमेरिकेत मेन राज्याच्या जंगलात ईगल लेकजवळ दोन मोठी इंजिनं आजही उभी आहेत. लाकूड वाहणारी ती लाईन १९२७ ते १९३३ एवढीच चालली. लाईन बंद पडली तेव्हा रस्ता नव्हता, आणि इंजिनं बाहेर काढायचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून ती उरली. आपल्याकडे भंगारवाल्याचा टेम्पो पोचत नाही अशी जागा विरळाच. शिवाय सरकारी रेल्वेच्या इंजिनांचा हिशेब होता. ब्रॉड गेजवरच्या वाफेच्या नियमित गाड्या १९९५ मध्ये थांबल्या, आणि बहुतेक इंजिनं लिलावात जाऊन तुकडे झाली. मोजकी संग्रहालयात किंवा स्टेशनांबाहेर चौथऱ्यावर गेली.

त्यामुळे खंडाळ्याच्या घाटात इंजिन शोधत फिरू नका. १८६३ साली सुरू झालेल्या त्या लाईनवर गाडी उलटी फिरवायचं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, ते १९२९ मध्ये बंद झालं. तिथे जुनं बांधकाम बघायला मिळेल, आणि ते बघण्यासारखं आहेच. इंजिन मिळणार नाही. कुर्डुवाडी-बार्शी भागातही तेच. बार्शी लाईट रेल्वे १८९७ पासून ७६२ मिलिमीटर गेजवर, म्हणजे दोन रुळांमधल्या एवढ्याच अंतरावर, धावली, आता तो मार्ग ब्रॉड गेज आहे, आणि तिची इंजिनं बाभळीत दडून बसलेली नाहीत.

शक्यता असते ती खासगी लाईनवर. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे जुने साखर कारखाने, खाणी, धरणांची बांधकामं. त्यातही मालक गेला, कारखाना बंद पडला आणि मालमत्ता कोर्टात अडकली, अशी जागा सगळ्यात चांगली. स्थगितीनं जेवढं जुनं लोखंड वाचवलंय तेवढं कुठल्याही रेल्वेप्रेमी मंडळानं वाचवलेलं नाही, हे माझं ठाम मत आहे.

म्हणून मी नेहमी कागदापासून सुरू करतो. पुणे परिसरासाठी सर्व्हे ऑफ इंडियाच्या ४७ एफ गटातल्या टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे तपशीलवार नकाशे, शक्य तितक्या जुन्या आवृत्तीच्या. त्यावर ट्राम-लाईनची खूण वेगळी असते, नकाशाची सूची नीट वाचा. मग भूमि अभिलेखकडचा गावनकाशा. रेल्वेसाठी घेतलेली जमीन त्यावर लांबट, एकसारख्या रुंदीच्या पट्टीसारखी दिसते, आणि रूळ उखडून कितीही वर्षं झाली तरी ती पट्टी बहुधा तशीच राहते. सातबारा काढला की पट्टी कुणाच्या नावावर आहे ते कळतं. अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान काढलेले फोटो १९९५ मध्ये खुले झाले, तेही बघा. त्या काळात वेडी बाभूळ एवढी माजलेली नव्हती, त्यामुळे रुळांखाली घातलेले मातीचे भराव स्वच्छ दिसतात. हे सगळं कंटाळवाणं वाटतं म्हणून नवखे लोक थेट सॅटेलाइट नकाशावर बोट फिरवतात आणि जिथे रेषा दिसेल तिथे निघतात.

आमच्या ओळखीतल्या तिघांनी असंच केलं. नीरा खोऱ्यात एक सुंदर वळणदार रेषा दिसली. भर उन्हात ते तिच्यावरून दिवसभर चालले, करवंदीच्या जाळ्या तोडल्या, एकाचा गुडघा सुजला. संध्याकाळी एका शेतकऱ्यानं सांगितलं, ही कालव्याची जुनी चारी आहे, आता पाणी येत नाही. हे घरबसल्या कळलं असतं. चारी टेकडीच्या कडेनं जवळजवळ समपातळीत सरकते आणि प्रत्येक घळीत आत वळते. रेल्वे घळ ओलांडायला भराव घालते, खाली पाणी जायला मोरी बांधते, टेकडी आडवी आली की कापून जाते, आणि चढ असेल तर एकसारखा चढत जाते. नकाशावरच्या समोच्च रेषांशी ताडून बघायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास न देणाऱ्यांना मी सोबत नेत नाही.

गावात चुकीचा प्रश्न विचारणं

‘इथे इंजिन आहे का?’ असं विचारलं की लोक विहिरीवरचं डिझेल इंजिन दाखवतात, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. प्रश्न माणसांबद्दल विचारा. लाईनवर कोण कामाला होतं, फायरमन कोण होता, शेडचा मुकादम कुठल्या आळीत राहायचा? ती व्यक्ती नसली तरी मुलगा, सून असते. चहा घ्या, बसा, घाई करू नका. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात आपलं उत्तर कोंबू नका. ‘काळं, मोठं, धूर सोडणारं होतं ना?’ असं विचारलं तर ते तुमचं मन राखायला हो म्हणतात.

प्रत्येक बॉयलर म्हणजे इंजिन समजणं

मला येणाऱ्या फोटोंपैकी बहुतेक रोडरोलरचे असतात. बांधकाम खात्याचे वाफेचे रोलर राज्यभर गंजत पडले आहेत. बाकीचे जिनिंग मिलचे किंवा गिरणीचे बॉयलर. गोंधळ का होतो ते समजतं, कारण काही फिरत्या बॉयलरची रचना रेल्वे इंजिनासारखीच असते: मागे आगीची पेटी (फायरबॉक्स), मध्ये धूरनळ्या, पुढे धूर जमणारी पेटी (स्मोकबॉक्स). म्हणून बॉयलरकडे बघूच नका, खाली बघा. चाकांना आतल्या बाजूनं कडा आहे का? दोन्ही बाजूंना जाड पट्ट्यांची फ्रेम आहे का? चाकं जोडणारे रॉड, निदान ते बसायच्या खुंट्या आहेत का? बॉयलरच्या डोक्यावर सिलिंडर आणि बाजूला मोठं फ्लायव्हील असेल तर ते रुळांवर धावलेलं यंत्र बहुधा नाहीच. नेरळला जुनं वाफेचं इंजिन जतन करून ठेवलंय. एक रविवार तिथे घालवा, खाली वाकून बघा.

शेतात रुळाचा खांब दिसला म्हणून तिथून लाईन गेली असंही नाही. जुने रूळ तुळई, कुंपण, विजेचे खांब, सगळ्यासाठी वापरलेत.

नंबर खरवडणं, आणि रात्री लोकेशन टाकणं

या दोन चुका मी एकत्र घेतोय, कारण मी त्या एकाच जागी झालेल्या पाहिल्या.

सोलापूरच्या वाटेवर एका बंद कारखान्यामागे घाणेरीच्या जाळीत एक छोटं चार चाकी टँक इंजिन, म्हणजे पाण्याची टाकी अंगावरच असलेलं इंजिन, होतं. तिथल्या निवृत्त फिटरकाकांनी ते जपलं होतं. म्हणजे फार काही नाही, भंगारवाले आले की ते ‘साहेबांना विचारा’ म्हणून परत पाठवायचे. आमच्याच वर्तुळातल्या एका मुलाला त्यांनी विश्वासानं आत नेलं आणि सांगितलं, ‘फोटो काढ बाळा, पण रस्ता कुणाला सांगू नकोस.’ त्यानं त्याच रात्री फोटो टाकले, लोकेशनसकट. हजारो लोकांनी पाहिले. काही आठवड्यांनी मी पोचलो तेव्हा जाळी तुडवलेली होती, जमिनीवर गॅस कटरनं वितळलेल्या लोखंडाचे थेंब आणि थोड्या धूरनळ्या होत्या. काका माझ्याशी नीट बोलले, पण आत बोलावलं नाही.

त्याहून वाईट पुढेच. ते इंजिन कुणी, कधी बांधलं हे आता कधीच कळणार नाही. मेकरची पितळी पाटी आधीच गेलेली होती, ती नेहमी सगळ्यात आधी जाते. पण पाटी गेली तरी बांधणाऱ्या कारखान्याचा क्रमांक चाकं जोडणाऱ्या कपलिंग रॉडच्या टोकांवर, सिलिंडरच्या दांड्याला जोडलेल्या क्रॉसहेडवर, फ्रेमवर ठोकलेला असतो. त्या मुलानं रॉडवरचा नंबर ‘स्पष्ट दिसावा’ म्हणून बॅटरीवरच्या ग्राइंडरला वायर ब्रश लावून घासला होता. गंजलेल्या लोखंडात ठोकलेला अंक उथळ असतो. त्याच्या फोटोत चकचकीत रॉड आहे, त्यावर एक अर्धवट ३ किंवा ८ आहे, आणि शेजारी त्याचा स्वतःचा हसरा चेहरा आहे. दुसऱ्या रॉडचा फोटोच नाही.

मी काय करतो ते सांगतो. नायलॉनचा मऊ ब्रश आणि पाणी, बस्स. मग टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा, अंक सावलीत उठून दिसतात. नाही दिसले तर पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल फिरवायची. जिथे जिथे अंक आहे तिथला प्रत्येक फोटो, डावी-उजवी बाजू लिहून. दुरुस्तीत रॉड एका इंजिनाचा काढून दुसऱ्याला लावत, म्हणून एकाच ठिकाणच्या नंबरावर भिस्त ठेवू नका. आणि बॉयलरवरचा बॉयलर निरीक्षणालयाचा नोंदणी क्रमांक इंजिनाचा म्हणून लिहू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन मी घरून निघतानाच बंद करतो. गावाचं नाव माझ्या वहीत असतं, जिल्ह्याच्या नावापलीकडे कुणाला काही सांगत नाही.

उरलेलं थोडक्यात

गेज मोजताना चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजू नका. ते गेजपेक्षा कमी भरतं. रूळ असतील तर दोन डोक्यांच्या आतल्या बाजूंमध्ये टेप लावा.

पावसाळ्यात जाऊ नका. काही दिसत नाही आणि भराव खचतात. जानेवारी ते मार्च बरा. कुसळांसाठी जाड कापडाची पँट घाला.

फायरबॉक्समध्ये आणि राखेच्या पेटीत हात घालू नका. घोणस आणि फुरसं यांना अशाच थंड, अंधाऱ्या जागा आवडतात. मोरीखाली जाण्याआधी वर आग्या मोहोळ आहे का बघा आणि तिथे धूर करू नका. बॉयलरच्या पत्र्याखाली पांढरट तंतू दिसले तर ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, उकरू नका.

रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आठवण म्हणून एखादा खिळा उचललात तर रेल्वे मालमत्तेचा १९६६ चा कायदा वेगळा लागतो. राखीव वनात वनखात्याची परवानगी, खासगी जागेत मालकाची. मालक नाही म्हणाला तर परत फिरायचं, कुंपणावरून उडी मारायची नाही. तुम्ही मारलेल्या उडीमुळे पुढच्या दहा जणांना फाटक बंद होतं, आणि ते दहा जण मला फोन करतात.