रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) गाडीची बॅटरी लवकर उतरत होती, पण दोष बॅटरीत नव्हता

मुलाची १/१० मापाची आरसी गाडी पाच-सात मिनिटांतच मान टाकायला लागली होती. बॅटरी ७.२ व्होल्ट, ३००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेची, निकेल मेटल हायड्राइड. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. पण डिस्चार्जची सोय असलेल्या चार्जरवर उतरवून पाहिली, तर २८०० एमएएचच्या आसपास आकडा आला. म्हणजे बॅटरी ठणठणीत. करंट गाडीच जास्त खात होती.

गाडी पळवून लगेच हात लावला. मोटर चटका बसेल इतकी तापलेली, पांढरा कनेक्टरही गरम. मग चाकं एकेक करून बोटाने फिरवली. मागचं डावं अर्ध्या फेरीतच थांबलं. नट काढला तर बेअरिंगभोवती सतरंजीचे दोरे आणि केस घट्ट पिळून बसलेले, आत धूळ. चिमट्याने सगळं ओढून काढलं, ५ बाय ११ मिलिमीटरची नवी बेअरिंग बसवली. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) मोठ्या गिअरमध्ये रुतला होता. दोघांत बारीक फट राहावी म्हणून मधे वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटरचे स्क्रू पुन्हा आवळले. कनेक्टरच्या पिना काळ्या पडलेल्या, म्हणून दोन्ही बाजूंना एक्सटी६० प्रकारचे नवे कनेक्टर सोल्डर केले. (बॅटरीच्या दोन्ही वायरी एकदम सोलू नका, टेकल्या की शॉर्ट!)

आता त्याच बॅटरीवर गाडी पंधरा मिनिटं सहज पळते आणि मोटरवर बोट ठेवता येतं.